‘विच’च्या मागे दडलेले दहा मीटर

दरवर्षी अकरावीच्या वर्गात गतीची समीकरणे शिकवून झाली, की मी फळ्यावर एक जुनेच उदाहरण घालतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या थोरल्या भावंडांनीही ते सोडवले असेल. विद्यार्थिमित्रहो, ह्या लेखातील इंग्रजी वाक्ये मी मुद्दाम देवनागरीत लिहीत आहे. ती डोळ्यांनी न वाचता मोठ्याने वाचा, कारण आजचा आपला विषय कानालाच आधी समजतो.

उदाहरण असे : ‘ए स्टोन इज ड्रॉप्ड फ्रॉम ए बलून विच इज रायझिंग विथ ए व्हेलॉसिटी ऑफ टेन मीटर्स पर सेकंड. इट रीचेस द ग्राउंड इन फाइव्ह सेकंड्स. फाइंड द हाइट ऑफ द बलून व्हेन द स्टोन वॉज ड्रॉप्ड.’ गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० मीटर प्रति सेकंद वर्ग इतके धरायचे.

पाच मिनिटांनी मी वर्गातून फेरी मारतो. निम्म्या वह्यांत उत्तर १२५ मीटर असते. बरोबर उत्तर ७५ मीटर आहे. दगड हातातून सुटला त्या क्षणी तो फुग्याबरोबर १० मीटर प्रति सेकंद वेगाने वर चाललेला होता. जडत्वामुळे तो आधी थोडा वर जातो आणि मग खाली येतो. म्हणून खालची दिशा धन मानली, तर सुरुवातीचा वेग उणे १०. पाच सेकंदांत त्यामुळे उणे ५०, आणि गुरुत्वामुळे १२५. बेरीज ७५. ज्यांनी सुरुवातीचा वेग शून्य धरला, त्यांना १२५ मिळाले.

पुष्कळ वर्षे माझी समजूत अशी होती, की ह्या मुलांना जडत्व समजलेले नाही. मग मी जडत्वावर पुन्हा एक तास घेई. धावत्या बसमधून उतरणारा माणूस, झटकलेली सतरंजी, सारे काही सांगून होई. पुढच्या वर्षी पुन्हा १२५!

काही वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली एक मुलगी तास संपल्यावर वही घेऊन आली. दहावीला विज्ञानात तिला नव्वदाच्या वर गुण होते. “सर, मला फिजिक्स जमत नाही. दिवाळीनंतर आर्ट्सला जाते, असं बाबांना सांगितलंय,” ती म्हणाली. वहीत अर्थातच १२५ होते. मला काय सुचले कोण जाणे, मी तिला म्हटले, “बस इथे. मी सांगतो ते लिहून घे.” आणि मराठीत सांगितले : १० मीटर प्रति सेकंद वेगाने वर जाणाऱ्या फुग्यातून एक दगड सोडला. तो ५ सेकंदांत जमिनीवर पोचला, तर दगड सोडला तेव्हा फुगा किती उंचीवर होता?

दोन मिनिटेही लागली नाहीत. ७५ मीटर!

म्हणजे जडत्व तिला चांगले समजले होते. अडले होते ते ‘विच’पाशी. “त्या विचचं काय करायचं ते कळलं नाही सर. मला वाटलं ते फुग्याबद्दल काहीतरी आहे, आणि गणित तर दगडाचं आहे,” असे ती म्हणाली. त्या दिवसापासून मी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात एक तास इंग्रजी व्याकरणाला देतो. आमच्या इंग्रजी विभागातील सहकारी त्यावरून माझी थट्टा करतात. करोत बापडे!

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दोन वाक्यांत एकाच वस्तूविषयी काही सांगितले असेल, तर ती वाक्ये जोडून एक करता येतात. शाळेत ‘दोन वाक्ये एकत्र करा’ हा प्रश्न तुम्ही सोडवलेला आहे. मराठीत आपण हे दोन तऱ्हांनी करतो. ‘काल एक मुलगा आला. तो माझा भाऊ आहे.’ ह्याचे पहिले रूप : ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे.’ दुसरे रूप : ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे.’ पहिल्यात ‘जो’ हे संबंधी सर्वनाम आणि ‘तो’ हे दर्शक सर्वनाम अशी जोडी असते. एक आले की दुसरे यायचेच. दुसऱ्यात क्रियापदालाच ‘आलेला’, ‘येणारा’ असे विशेषणाचे रूप देऊन नामाच्या आधी बसवतो. बोलताना आपण बहुधा ही दुसरी तऱ्हा वापरतो.

इंग्रजीत तेच वाक्य : ‘द बॉय हू केम येस्टर्डे इज माय ब्रदर.’ इथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, वर्णन करणारे उपवाक्य नामाच्या नंतर आले आहे. मराठीत आपण आधी वर्णन करतो आणि मग वस्तूचे नाव घेतो. इंग्रज आधी नाव घेतो आणि मग वर्णनाला लागतो. दुसरी, ‘जो’साठी ‘हू’ आहे, पण ‘तो’साठी काहीच नाही. आपल्या कानाला ‘तो’ची सवय असल्यामुळे मुले हमखास लिहितात, ‘द बॉय हू केम येस्टर्डे ही इज माय ब्रदर.’ हा ‘ही’ मराठीतून चोरून आलेला आहे. त्याचा जुळा भाऊ म्हणजे ‘द बुक विच आय बॉट इट’. पुस्तकाची जागा ‘विच’ने घेतलेली असताना पुन्हा ‘इट’ कशाला?

जोडण्याची रीत सोपी आहे. दोन्ही वाक्यांत समान असलेले नाम शोधा. दुसऱ्या वाक्यातील त्या नामाच्या जागी माणूस असेल तर ‘हू’ आणि वस्तू असेल तर ‘विच’ घाला. तो शब्द उपवाक्याच्या तोंडाशी आणा. मग ते सबंध उपवाक्य उचलून पहिल्या वाक्यातील नामाला अगदी चिकटवून ठेवा. ‘ए स्टोन इज ड्रॉप्ड फ्रॉम ए बलून. द बलून इज रायझिंग.’ दुसऱ्यातील ‘द बलून’ काढून ‘विच’ घातले, ‘विच इज रायझिंग’ तयार झाले, आणि ते ‘बलून’ला चिकटवले. झाले. ‘हू’ आणि ‘विच’ ह्या दोहोंऐवजी पुष्कळदा ‘दॅट’ चालतो. ‘ज्याचा’, ‘जिचा’ ह्यासाठी ‘हूज’ आहे. तो फक्त माणसांसाठी असतो असे काही जण सांगतात, पण ते खरे नाही. ‘ए ट्रँगल हूज साइड्स आर इक्वल’ हे उत्तम इंग्रजी आहे.

वाचताना हीच रीत उलटी चालवायची. मी मुलांना पेन्सिलीने चौकट काढायला लावतो. ‘विच’पासून त्याचे उपवाक्य संपेल तिथपर्यंत चौकट. आधी चौकट झाकून वाक्य वाचा : दगड फुग्यातून सोडला. मग फक्त चौकट वाचा आणि ‘विच’च्या जागी आधीचे नाम म्हणा : फुगा १० मीटर प्रति सेकंद वेगाने वर जात आहे. एका वाक्यातून दोन वाक्ये निघाली, आणि आकडा कुठल्या वाक्यात आहे तेही दिसले. परीक्षक महत्त्वाचा आकडा चौकटीत ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत नुसत्या ‘विच’पेक्षा ‘ॲट विच’, ‘इन विच’, ‘अबाउट विच’ ह्यांचीच गर्दी जास्त. मुले तिथे बिचकतात. पण हे तर आपल्या घरचेच आहे! मराठीत ‘जो’ला विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागतात : ज्याला, ज्यात, ज्यावर, ज्याच्याभोवती. मराठी प्रत्यय मागे लावते, तर इंग्रजीतील शब्द पुढे येतो. ‘द टेम्परेचर ॲट विच ए लिक्विड बॉइल्स’ म्हणजे ‘ज्या तापमानाला द्रव उकळतो ते तापमान’. ‘द लाइन अबाउट विच ए बॉडी रोटेट्स’ म्हणजे ‘जिच्याभोवती वस्तू फिरते ती रेषा’, म्हणजेच अक्ष. ‘द रेट ॲट विच वर्क इज डन’ म्हणजे ‘ज्या दराने कार्य होते तो दर’, म्हणजे शक्ती. मराठी माध्यमात तुम्ही पाठ केलेल्या व्याख्या आठवा. ‘ज्या बिंदूत... त्या बिंदूस... म्हणतात’ हाच त्यांचा साचा असतो. तुम्ही ह्या साच्यात सहा वर्षे विज्ञान शिकला आहात, तेव्हा अकरावीत तो परका वाटण्याचे कारण नाही.

खरी पंचाईत होते ती ‘विच’ दिसतच नाही तेव्हा. हे वाक्य वाचा : ‘द वर्क डन बाय ए फोर्स ॲक्टिंग ॲट राइट अँगल्स टु द डिस्प्लेसमेंट इज झीरो.’ मुले ‘डन’ला क्रियापद समजतात आणि ‘काम केले’ असा अर्थ लावून पुढे जातात. मग ‘ॲक्टिंग’ येते, मग ‘इज’ येते, आणि एका वाक्यात तीन क्रियापदे पाहून डोके गरगरते. खरे क्रियापद एकच, ‘इज’. बाकीची दोन संबंधी उपवाक्यांची अवशेष रूपे आहेत. ‘द वर्क विच इज डन’ मधले ‘विच इज’ गळाले आणि ‘डन’ उरले. ‘ए फोर्स विच इज ॲक्टिंग’ मधलेही तसेच गळाले. मराठीत ‘जो आला तो’चे ‘आलेला’ होते, तशातलाच हा प्रकार.

आता तेच वाक्य मराठीत लिहा : ‘विस्थापनाशी काटकोनात क्रिया करणाऱ्या बलाने केलेले कार्य शून्य असते.’ ह्यातील ‘शून्य असते’ बाजूला ठेवा आणि उरलेले शब्द ओळीने म्हणा : विस्थापन, काटकोन, क्रिया, बल, केलेले, कार्य. इंग्रजी शब्द म्हणा : वर्क, डन, फोर्स, ॲक्टिंग, राइट अँगल्स, डिस्प्लेसमेंट. एक ओळ दुसरीची तंतोतंत उलटी आहे! सपाट आरशात डावे उजवीकडे दिसते तसे. हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मला स्वतःला मोठी मौज वाटली होती. अशी लांब इंग्रजी नामसाखळी समोर आली, की शेवटच्या कडीपासून उलटे येत मराठी करा. बहुतेक वेळा ते आपोआप सरळ उतरते. मीटरची १९८३ साली ठरलेली व्याख्या करून पाहा : ‘द लेंग्थ ऑफ द पाथ ट्रॅव्हल्ड बाय लाइट इन व्हॅक्यूम’. निर्वातात प्रकाशाने कापलेल्या मार्गाची लांबी. (किती वेळात? एका सेकंदाच्या १/२९९७९२४५८ भागात.)

मराठीची एक श्रीमंती मात्र इंग्रजीजवळ नाही. ‘द मॅग्नेट निअर द कॉइल विच इज मूव्हिंग’ ह्यात हलते आहे कोण? चुंबक की वेटोळे? मराठीत असा घोळ होत नाही. चुंबक असेल तर ‘जो हलतो आहे’, वेटोळे असेल तर ‘जे हलते आहे’. लिंगवचनामुळे ‘जो’, ‘जी’, ‘जे’ आपापल्या धन्याला ओळखतात. इंग्रजी ‘विच’ मुका आहे. त्याचा नियम एवढाच, की तो बहुधा लगतच्या नामाचा असतो. कधी पुढचे क्रियापद मदतीला येते : ‘ए बीम ऑफ इलेक्ट्रॉन्स विच इज’ असे असेल तर शलाका, ‘विच आर’ असेल तर इलेक्ट्रॉन. म्हणून ‘विच’ भेटला की पुढच्या ‘इज’, ‘आर’कडे एक नजर टाकावी. (चुंबक आणि वेटोळ्याच्या बाबतीत निसर्गालाही हा घोळ मान्य आहे, ही आणखी गंमत! फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले, की चुंबक हलवा वा वेटोळे हलवा, धारा निर्माण होतेच. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेवरील निबंधाची सुरुवात नेमकी ह्याच गोष्टीपासून होते.)

स्वल्पविरामाची गोष्ट सांगायलाच हवी. ‘द प्लॅनेट्स विच हॅव रिंग्ज आर व्हेरी लार्ज.’ ज्या ग्रहांना कडी आहेत ते फार मोठे आहेत. इथे उपवाक्य ग्रहांची निवड करते. आता ‘प्लॅनेट्स’नंतर एक आणि ‘रिंग्ज’नंतर एक असे दोन स्वल्पविराम घाला. अर्थ झाला : ग्रह, आणि त्या सर्वांना कडी असतात बरे का, फार मोठे आहेत. निवड संपली, आणि नुसती जादा माहिती उरली. तीही खोटी, कारण पृथ्वीला कडी नाहीत! ह्या दुसऱ्या प्रकारात ‘विच’ऐवजी ‘दॅट’ चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

कड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९७७ च्या आधी ‘द प्लॅनेट विच हॅज रिंग्ज’ असे कोणी लिहिले असते, तर ते शनीचे निःसंदिग्ध वर्णन ठरले असते. एकवचन, ‘द’सह, आणि कुणाला शंका नाही. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ग्रहाने ताऱ्याला झाकण्याच्या आधी आणि नंतरही ताऱ्याचा प्रकाश काही क्षण मंदावला, आणि त्यावरून युरेनसलाही कडी असल्याचे कळले. हा शोध लावणारे अमेरिकन शास्त्रज्ञ विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून पाहत होते. तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेतूनही १ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने त्या रात्री वेध घेतले गेले, आणि तिथेही ताऱ्याचा प्रकाश मंदावल्याची नोंद झाली. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने गुरूचे कडे दाखवले, १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ ने नेपच्यूनची कडी पक्की केली. आता चार ग्रह झाले, आणि वाक्यात ‘प्लॅनेट्स’ व ‘हॅव’ लिहावे लागते. खगोलशास्त्राने व्याकरणाचे एकवचन मोडले!

शेवटी सर्वांत अवघड वाक्य घेऊ. १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने अँपिअरची जी व्याख्या स्वीकारली, ती ७१ वर्षे चालली. २० मे २०१९ पासून अँपिअर मूलभूत विद्युतप्रभाराच्या ठरवून दिलेल्या मूल्यावरून काढतात. पण जुन्या पुस्तकांत ती तुम्हाला भेटेलच, आणि मुलांना घाबरवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिचा सांगाडा असा : ‘दॅट कॉन्स्टंट करंट विच, इफ मेंटेन्ड... वुड प्रोड्यूस... ए फोर्स...’ ‘विच’ आणि त्याचे क्रियापद ‘वुड प्रोड्यूस’ ह्यांच्या दरम्यान वीसएक शब्द आहेत. तिथे पोचेपर्यंत मुले ‘विच’ला विसरलेली असतात.

आपण ती सुटी करू. एक स्थिर विद्युतधारा आहे. ती दोन वाहकांतून वाहत ठेवली आहे. ते वाहक सरळ व एकमेकांना समांतर आहेत. त्यांची लांबी अनंत आहे. त्यांचा काटच्छेद वर्तुळाकार पण नगण्य आहे. ते निर्वात जागेत एकमेकांपासून १ मीटर अंतरावर ठेवले आहेत. ह्या धारेमुळे वाहकांच्या दरम्यान बल निर्माण होते. ते बल दर मीटर लांबीस एका न्यूटनाच्या एक कोटी भागांपैकी दोन भाग इतके आहे. ह्या धारेला १ अँपिअर म्हणावे. मोजा, नऊ वाक्ये झाली. त्यांतले एकही वाक्य सातवीच्या मुलाला कठीण जाऊ नये.

आता ती जोडू. तिसरे, चौथे आणि पाचवे वाक्य वाहकांची विशेषणे म्हणून त्यांच्या आजूबाजूला बसली. सहाव्याचे नुसते ‘प्लेस्ड’ उरले, त्यातील ‘विच आर’ गळाले. दुसऱ्याचे ‘इफ मेंटेन्ड’ झाले. आठव्याचे ‘इक्वल टु’ उरले, तिथेही ‘विच इज’ गळाले. सातवे वाक्य पहिल्याला ‘विच’ने जोडले गेले, आणि तो एकमेव ‘विच’ उघड दिसतो. सबंध व्याख्या एका वाक्यात मावली खरी, पण वाचणाऱ्याने ती पुन्हा नऊ वाक्यांत उलगडल्याशिवाय तिचा उपयोग नाही. मी तर परीक्षेतही मुलांना सांगतो : जोडता आले नाही तर तीन छोटी वाक्ये लिहा. अर्थ बरोबर असेल तर गुण कापणारा परीक्षक मला अजून भेटायचा आहे. (व्याकरणाच्या पेपरात मात्र असे करू नका.)

ती मुलगी आर्ट्सला गेली नाही. बारावीत असताना एक उदाहरण घेऊन ती पुन्हा माझ्याकडे आली. ते तुम्हीही सोडवून पाहा : ‘ए बॉय इन ए लिफ्ट विच इज डिसेंडिंग विथ ए युनिफॉर्म व्हेलॉसिटी ऑफ फाइव्ह मीटर्स पर सेकंड ड्रॉप्स ए कॉइन दॅट ही वॉज होल्डिंग वन पॉइंट टू फाइव्ह मीटर्स अबव्ह द फ्लोअर ऑफ द लिफ्ट. आफ्टर व्हॉट टाइम डझ द कॉइन रीच द फ्लोअर?’ चौकटी दोन आहेत, एक ‘विच’ची आणि एक ‘दॅट’ची. मुख्य क्रियापद शोधा. ते ‘ड्रॉप्स’ आहे, ‘इज डिसेंडिंग’ नव्हे.

तिने वहीत दोन्ही चौकटी काढल्या होत्या आणि उत्तर अर्धा सेकंद आणले होते, ते बरोबरच होते. पण तिची तक्रार वेगळी होती. “सर, दॅटच्या चौकटीतला सव्वा मीटर वापरला. विचच्या चौकटीतले पाच मीटर कुठेच लागले नाहीत. लिफ्ट थांबलेली धरली तरी उत्तर तेच येतं. मग तो विच तिथे घातलाच कशाला?”